नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

आपल्या भाषेत नाव ठेवणं म्हणजे पोराचं बारसं करणं, आणि नावं ठेवणं म्हणजे खोड काढणं. मधे एका अनुस्वाराचा फरक. मित्रांनो, आपल्या लोकांच्या बाबतीत शेकडो वर्षं हा अनुस्वारसुद्धा नव्हता. आपल्याला नाव ठेवलं जायचं तेच मुळात नावं ठेवण्यासाठी.

पुरावा पाहिजे? मनुस्मृती काढा. दुसरा अध्याय, एकतिसावा श्लोक. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं. आणि शूद्राचं? जुगुप्सित. मला संस्कृत कुणी शिकवलेलं नाही, हा शब्द मी कोशात बघितला. जुगुप्सित म्हणजे ऐकणार्‍याला किळस यावी असं. पुढच्या श्लोकात आणखी एक खिळा ठोकलाय, शूद्राच्या नावातून चाकरी दिसली पाहिजे. पोर अजून पाळण्यात आहे, त्याचे हातपाय धड हलत नाहीत, आणि त्याचा हुद्दा ठरला. शूद्राची ही गत, तर त्याच्याही खाली ज्यांना ढकललं त्यांची काय बात!

आता गावोगावच्या जुन्या यादीत बघा. धोंड्या, दगडू, कचरू, केरू, उकिरड्या. इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण आपण इतिहास लिहितोय, भाषण देत नाही. ही नावं सगळीच्या सगळी वरून लादलेली नव्हती. ज्या बाईची दोन-तीन पोरं दगावली ती पुढच्याला मुद्दाम दगडू नाहीतर कचरू म्हणायची, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर जाणार नाही. ही रीत आपल्यातच नव्हती, मराठ्या-कुणब्यांतही होती. पण त्यांच्यात दगडू मोठा झाला की दगडूजी व्हायचा, दगडूशेठ व्हायचा. आपला दगडू ऐंशी वर्षांचा होऊन मेला तरी दगड्याच. खरी गंमत त्या ‘ड्या’मध्ये आहे. शेपटीला नुसता ‘या’ लावला की माणसाची उंची हातभर कमी होते. हे हत्यार विकत घ्यावं लागत नाही, तोंडात असतं.

कोरेगावच्या खांबावर नावं आहेत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची. त्यात महार शिपायांची नावं ‘नाक’ या अक्षरांवर संपतात, बापाचंही आणि लेकाचंही. कुणी म्हणतं हे ‘नाक’ नायकवरून आलं, कुणी म्हणतं नागवरून. गावात त्याच नाकाची थट्टा व्हायची. दगडावर मात्र ते कोरलं गेलं, मराठीत आणि इंग्रजीतही. इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं त्याच्या अक्षरांत उतरवलं. उच्चार वाकडा झाला असेल, पण नाव पुरं आहे, बापाच्या नावासकट आहे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली. त्या होळीत पाण्याचा कायदा जळला, विद्येचा जळला, हे आपण दरवर्षी सांगतो. बारशाचा कायदासुद्धा त्याच आगीत गेला, हे कुणी सांगत नाही.

मग १४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. त्याच्यानंतर आपल्या वस्त्यांत काय काय बदललं याच्यावर पुष्कळ लिहून झालंय. देव गेले, मेलेलं ढोर ओढणं गेलं. मला वाटतं सगळ्यात स्वस्तात झालेली क्रांती नावांची. जमीन मिळाली नाही, नोकरी सगळ्यांना मिळाली नाही, पण नाव ठेवायला पैसे पडत नाहीत. धोंडीबाच्या नातवाचं नाव सिद्धार्थ झालं, केरूच्या घरात राहुल आला, मिलिंद आला, आनंद आला. पोरी सुजाता झाल्या, यशोधरा झाल्या, संघमित्रा झाल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी पोरांना अडीच हजार वर्षांपूर्वीची नावं दिली, आणि हाका मारून मारून ती आपली करून टाकली. ‘सिध्दारथ’ म्हणत, ‘शिदार्थ’ म्हणत. आमच्या आजीला शेवटपर्यंत संघमित्रा म्हणता आलं नाही. ती ‘संगमितरा’ म्हणायची आणि असं म्हणायची की जणू काय आख्ख्या संघाला जेवायला बोलावते आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमचं घर कैनाडला. डहाणू तालुका, २०१४ च्या १ ऑगस्टपासून जिल्हा पालघर, त्याआधी ठाणे. आजोबा बाहेरून मजुरीला आले आणि राहिले. आजूबाजूला सगळी वारली माणसं. तलासरी ओलांडली की गुजरात. मी कामाला सीमेपलीकडच्या एका गिरणीत जातो. डहाणूरोडला गाडी पकडायची, घोलवड गेलं की बोर्डी रोड, आणि उंबरगाव आलं की पाट्यांवरची अक्षरं बदलतात. आमच्या खात्यात साच्यांवर निम्मे यूपी-बिहारचे, थोडे ओरिसाचे, मुकादम गुजराती, आणि आम्ही थोडे इकडचे. म्हणजे एका पाळीत पाच भाषा. यंत्रांच्या आवाजात त्या सगळ्या सारख्याच ऐकू येतात म्हणा.

गेल्या वर्षी ताईला मुलगी झाली. नाव काय ठेवायचं? ताईनं पहिल्या दिवशी ठरवून टाकलं होतं, प्रज्ञा. मे १९५६ मध्ये बाबासाहेबांनी बीबीसीवर भाषण केलं, मला बुद्धाचा धम्म का आवडतो या विषयावर. त्यात तीन तत्त्वं सांगितली, प्रज्ञा, करुणा, समता. त्यातली प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धेच्या आणि चमत्काराच्या विरुद्ध असलेली समज. ताई बारावीपर्यंत शिकली. तिच्या हिशोबानं मुलीला द्यायला याच्यापेक्षा मोठा दागिना नाही.

घरात लगेच खल सुरू. भावजी नोकरीला वापीला, त्यांचं म्हणणं, गुजरातेत सगळे ‘प्रग्ना’ म्हणणार. मी म्हटलं, आणि आमच्या साळखात्यातले भय्ये ‘प्रग्या’ म्हणतील. भावजींचा दोस्त बंगाली, तो ‘प्रोग्गा’ म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो. शेजारच्या वारली म्हातारीनं दोनदा प्रयत्न केला आणि ‘परदन्या’वर थांबली. मावशीनं निकाल दिला: पोरीचं नाव कसं तोंडात बसणारं पाहिजे, सोपं, गोड. मुलाचं असतं तर गोष्ट वेगळी.

मावशीचं बोलणं कानाला साधं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी त्या रात्री मनुस्मृतीचं तेच पान पुन्हा उघडलं. शूद्राच्या नावाच्या दोनच श्लोक पुढं, तेहतिसावा. बायकांची नावं कशी असावीत? उच्चारायला सोपी. कठोर नसावीत, अर्थ सरळ असावा, मन रिझवणारी असावीत, शेवटचं अक्षर दीर्घ असावं. बघा! आमच्या मावशीनं जन्मात मनुस्मृती बघितली नाही. तिच्या आईबापानं त्या पोथीच्या नावानं बोटं मोडली. तरी श्लोक तोंडपाठ. पुस्तक जळालं, पण ते लोकांच्या तोंडात शिल्लक राहिलं. पुरुषाच्या नावाला ताकद लागते आणि बाईच्या नावाला मऊपणा, कारण पुरुषाचं नाव लोकांनी लक्षात ठेवायचं असतं आणि बाईचं फक्त हाकेला लागतं. ‘चहा टाक गं’च्या आधी जीभ अडखळायला नको!

मी हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, तुझा मनू गेला खड्ड्यात, मी माझं बोलतेय. तिचंही खरं असेल. पण ताईनं ते ऐकलं, आणि तिचा विचार आणखी पक्का झाला.

आता त्या ‘ज्ञ’चं बघू. हा जोडाक्षरांतला महाबिलंदर. लिहितो एक, बोलतो एक. ज् आणि ञ मिळून तो झाला. आपण मराठीत ‘द्न्य’ म्हणतो. हिंदीवाले ‘ग्य’, गुजराती ‘ग्न’. म्हणजे मूळ उच्चार कुणीच करत नाही. मराठीतला मोठ्यातला मोठा शास्त्री ‘यज्ञ’ म्हणताना ‘यद्न्य’ म्हणतो, काशीचा पंडित ‘यग्य’ म्हणतो. दोघांचीही जीभ घसरलेली आहे, पण दोघांनाही अशुद्ध कुणी म्हणत नाही. आमच्या वर्गातला पोरगा मात्र ‘करुणा’ला ‘करुना’ म्हणाला, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाला, की सगळा वर्ग हसायचा आणि मास्तर हसू द्यायचे. शाळेचं नाव सांगत नाही, अशी शाळा प्रत्येक तालुक्यात असते. ‘ण’चा ‘न’ झाला तर जात बाहेर पडते. ‘ज्ञ’चा ‘द्न्य’ झाला तर तो प्रमाण उच्चार. शुद्ध-अशुद्ध हा कानाचा प्रश्न कधीच नव्हता, तो कुणाची जीभ आहे याचा प्रश्न होता.

आपल्या चळवळीत दुसर्‍या टोकाचे दोस्त आहेत, त्यांच्याशी मला जास्त भांडायचंय. एकानं मला सांगितलं, प्रज्ञा हे संस्कृत झालं, बामणी झालं. ठेवायचंच तर पाली ठेव, पञ्ञा. सिद्धार्थ नको, सिद्धत्थ. धर्मपाल नको, धम्मपाल. धम्म म्हणावं हे मला मान्य, त्याच्यामागे विचार आहे. पण ज्या आईनं १९६० साली पोराला सिद्धार्थ म्हटलं तिला आता अशुद्ध ठरवायचं? म्हणजे आपणच आपला नवा शास्त्री बसवायचा आणि आपल्याच म्हातार्‍यांना वर्गात उभं करायचं?

त्या दोस्ताला विनयपिटकातली एक गोष्ट सांगायची आहे. चुल्लवग्गात आहे. दोन भिक्खू होते, सख्खे भाऊ, ब्राह्मण घरातले, आवाज गोड, पाठांतर चोख. ते भगवंताकडं तक्रार घेऊन गेले. म्हणाले, संघात आता नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे लोक आलेत, ते आपापल्या बोलीत तुमचं वचन बोलतात आणि बिघडवतात. आम्हाला परवानगी द्या, आम्ही ते वेदाच्या छंदात बांधून टाकतो. बुद्धानं त्यांनाच झापलं. आणि ज्यानं त्यानं आपापल्या बोलीत शिकावं, असा नियम घालून दिला. ‘आपापल्या’ म्हणजे नक्की कुणाच्या, यावर पंडितांचा वाद आहे, तो त्यांना लखलाभ. तक्रार कुणाची होती आणि फेटाळली कुणी, एवढं आपल्याला पुरे. आणि मजा म्हणजे, शुद्धतेची तक्रार करणार्‍या त्या दोन भावांची स्वतःची नावं पोथीपोथीत वेगळी सापडतात. एकीकडं यमेळु आणि तेकुल, दुसरीकडं भलतंच काही.

मज्झिम निकायात अरणविभंग सुत्त आहे, तेही बघा. एकच भांडं. कुठं त्याला पाती म्हणतात, कुठं पत्त, कुठं सराव, कुठं पोण. माणसं आपल्याच मुलखातला शब्द धरून बसतात, हाच खरा आणि बाकी सगळे खोटे म्हणतात, आणि तिथून भांडण सुरू होतं. तसं करू नका, त्या त्या लोकांत त्यांचा शब्द वापरा, असं बुद्ध सांगतो. ज्याच्या संघात मगधाचे, कोसलाचे, अवंतीचे लोक एका ओळीत जेवायला बसत, त्याला हे सांगणं भाग होतं. आमच्या साळखात्यात एक दिवस काम करून बघा, तुम्हालाही पटेल.

अशोकाचं घ्या. आपल्याच जिल्ह्यात सोपारा आहे. नालासोपारा म्हटलं की तुम्हाला लोकलची गर्दी आठवते, पण १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, नवव्याचाही सापडला. या गावाचं नावच किती तोंडांतून गेलंय. संस्कृतात शूर्पारक, पालीत सुप्पारक, ग्रीक खलाशांच्या तोंडी सुप्पारा, आज सोपारा. बंदर बुजलं, नाव टिकलं. आणि तो राजा? गिरनारच्या दगडावर तो ‘राञा’ म्हणून येतो, धौलीला, काळसीला ‘लाजा’. पूर्वेकडच्या लोकांना ‘र’ म्हणता येत नव्हता, ते ‘ल’ म्हणत. वायव्येला शाहबाजगढीला ‘पियदसि’चं ‘प्रियद्रशि’ झालं. आख्ख्या भारताचा सम्राट, हुकूम दिला असता तर सगळीकडं एक अक्षर झालं असतं. त्यानं आपलं बिरूद लोकांच्या जिभेच्या हवाली केलं. त्याला लाजा म्हणून घ्यायची लाज वाटली नाही.

आणि खुद्द ‘प्रज्ञा’ हा शब्द कुठं कुठं जाऊन आलाय! पालीत पञ्ञा. थायलंडमध्ये पन्या. ब्रह्मदेशात पिन्न्या. चीनमध्ये गेला तिथं पान-जो, पो-जो असं काहीतरी झालं, आणि तिथून जपानला पोचेपर्यंत हान्न्या. सातव्या शतकात जो चिनी भिक्खू आपल्या महाराष्ट्रात, पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला, ज्याला आपली शाळेची पुस्तकं ह्युएन त्संग म्हणत आली, त्याच्याबद्दल सांगतात की काही शब्दांचं भाषांतर करू नये असं त्याचं मत होतं. प्रज्ञा त्यातला एक. ‘शहाणपण’ अर्थाचा चिनी शब्द होता, पण तो हलका पडतो, म्हणून आदरानं मूळ शब्दच ठेवायचा. आता मूळ शब्द चिनी तोंडात वाकला. पण वाकवून का होईना, त्यांनी तो टाकला नाही. (जपानच्या नाटकात शिंगं असलेल्या एका चेटकिणीच्या मुखवट्यालाही हान्न्या म्हणतात. हे मी ताईला सांगितलं तर म्हणाली, मग तर हेच नाव ठेवते, कुणी वाकडं बघणार नाही.)

इथं कुणी म्हणेल, म्हणजे काहीही म्हणा, चालतंय? नाही. आणि याचं उत्तर मला चीन-जपानात नाही, कैनाडच्या आजूबाजूलाच सापडलं.

वारली लोकांत जुनी रीत अशी, पोर ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुकर्‍या. पोरी सोमी, मंगळी, बुधी. साधी, स्वच्छ रीत. पंचांग नाही, भट नाही, दक्षिणा नाही. आपापसात त्या ‘या’ला कुणी कमी समजत नाही. तो ‘या’ त्यांच्या बोलीतला आहे, लाडाचाही आहे. पण तेच नाव सावकाराच्या तोंडून आलं की शिवी होई. या भागात लग्नासाठी कर्ज काढलेला माणूस सावकाराकडं राबत राहायचा, त्याला लग्नगडी म्हणत. त्याचं स्वतःचं नाव पडून राही आणि ‘गडी’ हेच नाव होऊन बसे. वहीत त्याचं नाव कसं लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे, खाली अंगठा मात्र त्याचा. २३ मे १९४५ ला झरीला हजारो वारली जमले आणि वेठ बंद करायचं ठरवलं. त्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकर पुण्याकडच्या ब्राह्मण घरातल्या, शिकलेल्या. लोकांनी त्यांना गोदूताई करून टाकलं. त्यांनी कधी म्हटलं नाही, माझं पूर्ण नाव घ्या. नाव वाकवणारे दोघंही, सावकारही आणि वारलीही. एकानं माणूस लहान करायला वाकवलं, दुसर्‍यानं जवळ घ्यायला.

तलासरी तालुक्यातल्या धामणगावला जन्मलेले आणि डहाणूच्या गंजाडला राहिलेले चित्रकार जिव्या सोमा. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. बापाचं नाव सोमा, बहुतेक वाराचंच असावं. आडनाव कुठं मशे छापतात, कुठं म्हसे. तांदळाच्या पिठानं शेणाच्या भिंतीवर काढायची चित्रं त्यांनी कागदावर आणली आणि देशोदेशी पोचवली. परदेशातल्या कुठल्या कुठल्या जिभांनी ‘जिव्या’ कसं म्हटलं असेल देव जाणे. (देव म्हणायची सवय गेली नाही अजून.) पण त्या परक्या, वाकड्या उच्चारात मान होता. इथल्या बाजारात जे नाव नीट उच्चारू शकत होते, तेच आदिवासी माणसाला ‘ए, इकडं ये’ म्हणत होते.

माझ्या मते फरक इथं आहे. गुजराती मुकादम ‘प्रग्ना बेन’ म्हणाला तर त्याची जीभ त्याच्या भाषेची आहे, त्याचा मान खरा आहे. आणि एखादा आपलाच मराठी माणूस अगदी शुद्ध ‘ज्ञ’ काढून ‘प्रज्ञा का? हां. आडनाव काय?’ असं विचारतो, त्याचा उच्चार पुस्तकात घालण्यासारखा, आणि तरी त्या प्रश्नात मनूचा एकतिसावा श्लोक आहे. आपण भांडायचं ते दुसर्‍याशी. पहिल्याला चहा पाजायचा, एकदा नीट उच्चार सांगायचा, आणि त्याच्या आईचं नाव आपल्याला नीट म्हणता येतं का तेही बघायचं.

बाबासाहेबांच्या नावाचंच बघा ना. घराणं सकपाळ, गाव आंबडवे, ७ नोव्हेंबर १९०० ला सातार्‍याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर असं लिहिलं गेलं. घरात भिवा, जगात भीमराव, आपल्यात बाबा. तमिळमध्ये लिहितात-बोलतात ते ‘अंबेत्कर’सारखं. हिंदीत ‘अंबेडकर’, पहिलं अक्षर र्‍हस्व. मार्च २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारनं हुकूम काढला की कागदोपत्री ‘भीमराव रामजी आंबेडकर’ असं पूर्ण लिहावं, ‘अ’चा ‘आ’ करावा. अक्षर सुधारलं, बरं झालं. पण त्याच महिन्यात त्याच राज्यात त्यांचे पुतळे फोडले गेले. फोडणार्‍यांना पहिलं अक्षर र्‍हस्व की दीर्घ याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. २०२२ च्या मे महिन्यात आंध्रात कोनसीमा जिल्ह्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं तर अमलापुरमला मंत्र्याचं घर पेटवलं. मराठवाड्याचं तर तुम्हाला सांगायला नको. २७ जुलै १९७८ चा ठराव, जळालेल्या वस्त्या, आणि १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षं. त्या सोळा वर्षांत एकानंही असं म्हटलं नाही की आम्हाला हे नाव उच्चारता येत नाही. सगळ्यांना नीट येत होतं. तेच दुखणं होतं.

शेजारच्या वारली म्हातारीनं ‘परदन्या’चा नाद सोडला आणि विचारलं, पोर कुठल्या वारी झाली? ताई म्हणाली, बुधवारी. मग बुधी, म्हातारी म्हणाली, आणि विषय संपवला. आमच्यातला शिकलेला चुलतभाऊ नाराज झाला, आपल्या पोरीला वाराचं नाव कशाला. मी त्याला कोश दाखवला. बुध म्हणजे जाणणारा, शहाणा. धातू तोच ज्यातून बुद्ध झाला. म्हातारीनं न शिकता बरोबर जागी हात घातला होता. आता अंगणापलीकडून ती बुधी आहे आणि घरात प्रज्ञा.

राहिला कागदाचा प्रश्न, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण हसण्यावारी न्यायचा नाही. तोंडातले पाच उच्चार चालतात, कागदावरची दोन स्पेलिंगं चालत नाहीत. इंग्रजीत कुणी पी-आर-ए-डी-एन-वाय-ए लिहितो, कुणी जी-एन-ए, कुणी जी-वाय-ए, कुणी जे घालतो. जन्मदाखल्यात एक, आधारमध्ये दुसरं, शाळेत तिसरं, की पोरगी सोळा वर्षांची झाल्यावर शिष्यवृत्तीच्या खिडकीवर ती तीन मुली होते. आमच्या गिरणीत पगार अडकलेले लोक मी बघितलेत, नावातल्या एका अक्षरासाठी. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून तर जन्मतारखेला जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरला जातो. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी लक्षात ठेवा. जन्माची नोंद नावाशिवाय होते, नाव नंतर भरता येतं. बारा महिन्यांच्या आत भरलं तर फी नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत फी भरून. म्हणजे घाईनं कारकुनाच्या मनासारखं स्पेलिंग घालून घ्यायची गरज नाही. घरी बसून, भांडून, एक ठरवा, आणि सगळीकडं तेच लिहा.

दुसरी एक गोष्ट १ मे २०२४ पासून झालीय. त्या दिवशी आणि नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात सरकारी कागदावर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. कोरेगावच्या खांबावर लेक आणि बाप आहेत, आई कुठंच नाही. आमच्या प्रज्ञाच्या पुढं ताईचं नाव आहे.

अर्ज ताईनं स्वतः लिहिला. देवनागरीत ‘ज्ञ’ काढताना जोर देऊन काढला, आणि रोमन अक्षरांत डी-एन-वाय, मराठी बोलतो तसं. खिडकीतल्या माणसानं वाचलं, थांबला, ‘प्रद...प्रग...’ करत वर बघितलं. ताई म्हणाली, प्रज्ञा. तो म्हणाला, हां, प्रज्ञा. शिक्का मारला. आम्ही दाखल्याच्या चार प्रती काढून घेतल्या.